शाळेत घालायच्या आधी फोन करा

"मंदार! अरे मंद्या, गाडी! गाडी धर, गाढवा!"

आई, टूवूंबाच्या कड्यावरच्या बागेत तुम्ही ही हाक मारलीत तेव्हा झाडावरचे पांढरे कॉकाटू थव्याने उठले, बार्बेक्यूपाशी उभ्या असलेल्या एका धिप्पाड माणसाच्या चिमट्यातलं सॉसेज निसटलं आणि मी, तुमचा एकुलता एक जावई, चहाचा थर्मास हवेत सोडून धावत सुटलो. जुळ्यांच्या बाबागाडीचा ब्रेक लावायचा राहिला होता. कुणाकडून राहिला, यावर आपलं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. गाडीत डावीकडे आठ महिन्यांची तारा, उजवीकडे आठ महिन्यांचा नील. आणि टूवूंबा हे डोंगराच्या माथ्यावर बसलेलं गाव. तिथून एकदा उताराला लागलेली वस्तू ब्रिस्बेनच्या अलीकडे थांबत नाही. गाडी सुसाट, तिच्यामागे मी, माझ्यामागे तुम्ही: नेसायला सुती पातळ, पायात तुमच्या लेकीचे, सायलीचे, धावायचे जुने बूट आणि अंगात माझं रस्ते-पुलांच्या कामावरचं पिवळंधमक जाकीट. वाटेत एक सायकलवाला दोन्ही हात वर करून शरण आला. एका कुत्र्याने शेपूट घातली. अर्धा किलोमीटर पाठलाग करून शेवटी मी जमिनीला समांतर अशी झेप घेतली आणि दांडा पकडला. तारा खिदळत होती. नील स्वतःच्या मुठीचं निरीक्षण करत होता.

गेल्या चार वर्षांत ही गोष्ट मी निम्म्या क्वीन्सलंडला सांगितली. आणि दर वेळी तुम्ही, समोर असा नाहीतर फोनच्या पडद्यात, डाव्या हाताचं कोपर ते मधलं बोट असं उजव्या हाताने मापून दाखवायचात आणि म्हणायचात, "दोन हात. दोन हात गेली गाडी, आणि झुडपात अडकली."

एवढंच. पुढे काही नाही. माझा अर्धा किलोमीटर तिथेच मरून पडायचा.

तर आता लिहितोय मी, आई. या वेळी पुन्हा अर्धा किलोमीटर लिहिलाय. पुढच्या वेळी पाऊण लिहीन. या, खोडून दाखवा.

सायलीच्या मामांनी संगमनेरहून निरोप धाडला, तेराव्याला वाचायला तुझ्याही चार ओळी पाठव. चार शांत ओळी, असं बजावलं. इतरांनी पाठवलेल्या ओळी सायलीने तिकडून मला फोनवर वाचायला पाठवल्या. 'सोज्वळ', 'मनमिळाऊ', 'मितभाषी'. आई, ही कोण बाई गेली म्हणे? मी तर तिला कधी भेटलो नाही. मितभाषी हे एक मान्य. वाघही मितभाषीच असतो. पण सोज्वळ? माझ्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी मला न विचारता जागची हलवून वर 'आता सापडतील' असं म्हणणाऱ्या बाईला सोज्वळ म्हणतात? तुम्ही गेलात म्हणून तुम्हाला चंदनाचा हार घालून भिंतीवर गप्प बसवायला मी तयार नाही. तुमच्याशी माझं भांडण चालू होतं. ते अजून चालू आहे. मरण आलं म्हणून वादातून सुटका होते, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

बागेतल्या त्या हाकेनंतर काय झालं, ते मामांना माहीत नसेल. गाडीचं तुम्ही घरी पोचेपर्यंत विसरलात. तुमचं तोंड पडलं होतं ते वेगळ्याच कारणाने. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली तरी तुम्ही मला 'अहो जावईबापू' याखेरीज हाक मारली नव्हती. मी खोलीत आलो की उठून उभ्या राहायचात. आणि आज भर बागेत जावयाला नावाने हाक, वर अरे-तुरे, वर गाढव. संगमनेरच्या तुमच्या गल्लीत हे कळलं तर हळदीकुंकवाची बोलावणी बंद होतील, असं तुम्हाला वाटलं होतं. संध्याकाळी तुम्ही दिवाणखान्यात गालिच्यावर रांगोळी काढायला निघालात, मी हातापाया पडून ती टाइलवर काढून घेतली. पाट नव्हता म्हणून मुलांच्या खेळण्यांचा डबा पालथा घातलात. त्यावर मला बसवून ओवाळलंत आणि हातात नारळ दिलात. नारळ इथला, सुपरमार्केटचा, सोलून तुळतुळीत केलेला, फोडायची रेघ आधीच पाडलेला. माझ्या एका मांडीवर तारा, एका मांडीवर नील. नारळ धरायला हात कुठला? तुम्ही तो माझ्या हनुवटीखाली अडकवलात. मानपान करून घेताना इतका अवघडलेला जावई दुसरा झाला नसेल.

त्या दिवसापासून नियम उलटा झाला. सगळं ठीक असलं की 'मंदार, जरा हिला धर.' आणि माझं काही चुकलं की 'जावईबापू'. तो शब्द ऐकला की मी कुठेही असलो तरी अंग चोरायचो.

तुम्ही आलात तेव्हा मुलं दीड महिन्याची होती. विमानतळावर तुमची बॅग उघडून तपासणाऱ्यांनी सुंठ, डिंक, हळीव, खारीक, बाळंतशेपा आणि वेखंड बघून अर्धा विमानतळ बंद केला, सैन्य बोलावलं. (बरं. वेखंड आणि हळिवाची पुडी ठेवून घेतली, बाकी परत दिलं. खूश?) घरी येऊन बघता तर काय, लेक निघाली हॉस्पिटलातल्या नोकरीवर, लोकांचे एक्स-रे काढायला आणि जावई खांद्यावर दुपटं टाकून बाटल्या उकळतोय.  तुम्ही पदर खोचलात आणि माझ्या हातातली बाटली घेऊ लागलात. मी देईना. जावयाने घरात हे करायचं नाही, हा तुमचा कायदा. पाहुण्या बाईला, तेही सासूला, आल्या दिवशी कामाला लावायचं नाही, हा माझ्या आईचा कायदा. दोन कायद्यांच्या ओढाताणीत बाटली फरशीवर पडली आणि दोन्ही मुलं एकदम रडायला लागली. मग एक तुम्ही उचललंत, एक मी. पुढचे सहा महिने आपण दोघांनी खाली ठेवलं असं मला आठवत नाही.

जुळ्यांचं काय असतं, हे एक मूल वाढवलेल्यांना सांगून कळत नाही. त्यांना वाटतं दुप्पट काम. दुप्पट असतं तर मी हसत केलं असतं. एक झोपलं की दुसऱ्याच्या रडण्याने उठतं, उठलेल्याला शांत करावं तर झोपवलेलं पुन्हा जागं होतं. हे चक्र आहे, याला सुरुवात नाही आणि शेवट नाही. त्या दिवसांत मी एकदा उभ्या उभ्या झोपलो आणि झोपेतच दोघांची दुपटी बदलली. तुम्ही म्हणायचात, एकाचंच बदललं, आणि तेही उलटं.

आणि जेवण. जावई जेवल्याखेरीज सासू जेवणार नाही. मोठं माणूस उपाशी असताना मी घास घेणार नाही. टेबलावर ताट वाढलेलं, तुमच्या खांद्यावर तारा, माझ्या खांद्यावर नील, आणि आपण दोघं 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुम्ही' करत घरभर येरझारा घालतोय. वरणावर साय धरायची. बाहेर टूवूंबाचं धुकं खिडकीला नाक लावून बघत असायचं, ही माणसं जेवत का नाहीत. एक दिवस तुमचीच सहनशक्ती संपली. तुम्ही ताराला डाव्या खांद्यावर टाकलंत, उजव्या हाताने वरणभात कालवलात आणि घास माझ्या तोंडापुढे धरलात. माझे दोन्ही हात नीलखाली अडकलेले. मी बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "आ करा. तुम्ही जेवला असं झालं की मला जेवता येईल." मी आ केला. दुसरा घास तुम्ही घेतलात. त्याच ताटातून, त्याच हाताने.

आई, मला माझी स्वतःची आई शेवटचं कधी भरवत होती, ते आठवत नाही. त्या महिन्यांत मी तुमच्या हातून जेवलो. जिवंतपणी हे कुणाला सांगायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं. ती मुदत आता संपली. सांगतोय, छापून सांगतोय. काय करायचं ते करा.

आता भांडणाकडे येतो.

तुमचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं. दुकानात, दवाखान्यात, रस्त्यावर लोक थांबून 'ओह, ट्विन्स' म्हणायचे आणि मी फुगायचो. तुमच्या कपाळावर आठी. 'जोडी बैलांची असते,' तुम्ही पुटपुटायचात. दोघांना एकसारखे झबले आले की एक तुम्ही लपवून ठेवायचात. रोज सकाळी ताराला एकटीला घेऊन अंगणात, आणि दुपारी नीलला एकट्याला घेऊन शेजारच्या कोंबड्यांच्या जाळीपाशी. दोघांना एकदम कधी नाही. मी म्हणायचो, आई, एकदम न्या की, माझी तेवढीच सुटका. तुम्ही म्हणायचात, तुमची सुटका हा विषय नाही.

पुढच्या दोन वर्षांत तुम्ही दोनदा येऊन गेलात. मुलं बोलायला लागली. म्हणजे तारा बोलायला लागली. तारा माझी मुलगी आहे, यात शंका घ्यायला तिने जागा ठेवलेली नाही. अडीच वर्षांची असताना तिने शेजारच्या केविनला सांगितलं होतं की आमच्या बाथरूममध्ये मगर आहे; तो बिचारा काठी घेऊन आला. नीलला विचारावं, दूध हवं का? तारा सांगणार, ही वॉन्ट्स ज्यूस. नीलला कुठे लागलं? तारा गुडघा दाखवणार, त्याचा. डॉक्टरकडे नेलं, कान तपासले, बोलणं तपासलं, सगळं ठीक. येतं त्याला, पण गरज पडत नाही. मला त्यात मौज वाटायची. सायलीला म्हणायचो, या पोराला जन्मतःच सेक्रेटरी मिळालीय.

तुम्हाला मौज वाटत नव्हती. तुम्ही कोंबड्यांच्या जाळीपाशी नीलला एक प्रश्न विचारायचात आणि गप्प उभ्या राहायचात. कोंबडी बसून, अंडं घालून, उठून जाईल इतका वेळ. मी खिडकीतून बघायचो. त्याचे ओठ हलताना दिसायचे. काय बोलायचा, ते मी तुम्हाला विचारलं तर म्हणायचात, त्याला विचारा. विचारलं की तारा सांगायची.

आता जानेवारीत त्यांची शाळा सुरू होणार. या वर्षी मेपासून तुम्ही दर रविवारी फोनवर लावून धरलं होतं: दोघांना वेगळ्या तुकड्यांत घाला. मी म्हणालो, शक्य नाही. तुम्ही म्हणालात, नीलला वर्गात तारा नसेल तरच तो तोंड उघडेल. मी म्हणालो, नीलला वर्गात तारा नसेल तर तो आजारी पडेल. तुम्ही संगमनेरच्या कुठल्याशा जुळ्यांचं उदाहरण दिलंत. मी टूवूंबातल्या तीन जुळ्यांची दिली, त्यांतली दोन मी जागेवर तयार केली होती, हे तुम्ही लगेच ओळखलंत. रविवारमागून रविवार. सायली फोन टेबलावर ठेवून कपडे वाळत घालायला निघून जायची. संगमनेरला दुपार व्हायची, इथे अंधार पडायला लागायचा, आणि आपण अ तुकडी आणि ब तुकडी यांवरून महायुद्ध लढत असायचो.

शेवटच्या रविवारी मी आवाज चढवला. चढवला, आणि त्याबद्दल माफी मागणार नाही, कारण माझं म्हणणं खरं होतं. मी म्हणालो, "आई, या देशात त्यांना मामा नाही, काका नाही, चुलत नाही, मावस नाही. तुम्ही दहा हजार किलोमीटरवर. दोघांना मिळून एकमेकं आहेत. तेवढंच आहे. तेही मी शाळेच्या दारात तोडू?"

तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. तुमची गप्प राहायची पद्धत मला माहीत होती, तरी मी मध्येच काहीतरी बोलून ती भरणार होतो, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "तुमच्या घरात बोलणारे दोन आहेत. नीलच्या वाटचं तारा बोलते. उरलेलं तुम्ही. त्या पोराच्या तोंडासमोर कधी मोकळी जागाच आली नाही. मी तिथे होते तेव्हा दुपारी तेवढी द्यायची." मग घसा खाकरलात. "शाळेत घालायच्या आधी फोन करा, जावईबापू."

आणि ठेवलात.

त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, संगमनेरहून फोन आला. पण तो तुमच्या मुलाचा होता.

ही काय पद्धत झाली? शेवटचा शब्द आपण टाकायचा आणि खेळ सोडून उठायचं? मी उत्तर तयार ठेवलं होतं. रविवारसाठी ठेवलं होतं. चांगलं होतं, बिनतोड होतं. आता ते उत्तर घेऊन मी कुठे जाऊ?

सायली त्याच दिवशी निघाली. तिला ब्रिस्बेनला सोडून परत येताना मागच्या सीटवर तारा विचारत होती. आजी मेली म्हणजे काय? मग तिचं जेवण? मग तिचा चष्मा कुणी घालायचा? आणि मग, "सो, नो फोन?" मी म्हणालो, नाही, आता फोन नाही. ती जरा रडली, मग तिने खिडकीतून एक ट्रक बघितला, मग परत रडली. नीलकडे मी आरशातून बघत होतो. तो बाहेर बघत होता. मी विचारलं, नील, तुला काय वाटतंय रे? तारा म्हणाली, "ही इज सॅड, बाबा."

घरी आल्यावर नीलने टॅब्लेट शोधून काढला, ज्यावर तुमचा फोन यायचा तो. चार्जर शोधला. खुर्ची ओढली, वर चढला आणि टॅब्लेट चार्जिंगला लावला. तारा म्हणाली, त्याला कार्टून हवंय. मी कार्टून लावून दिलं. तो बघत बसला. रविवारी सकाळी त्याने पुन्हा टॅब्लेट चार्जिंगला लावला आणि समोर बसून राहिला. तारा म्हणाली, कार्टून. मी लावायला गेलो आणि माझा हात थांबला. आई, मला खरंच कळेना, त्याला कार्टून हवं होतं की काय. तुमच्यासारखा मीही गप्प उभा राहिलो. सांगतो, पूल बांधायला सोपे असतात. तुमची कोंबडी अंडं घालून जाईल इतका वेळ मला काही झेपलं नाही. मध्येच मी म्हणालो, दूध हवं का कुणाला. तारा म्हणाली, ज्यूस.

तेव्हा मला तुमचा इतका राग आला. दुःख नाही, राग. बरोबर ठरायचंच होतं तर समोर बसून ठरायचं होतं, मला पडलेलं तोंड तरी दाखवता आलं असतं. आणि ठरलात, असं मी अजूनही म्हणत नाही. एक टॅब्लेट म्हणजे पुरावा नव्हे.

सायली तिकडे असताना मी घर कसं चालवलं ते ऐका. रोज सकाळी टोस्ट: एकीला त्रिकोणी, एकाला चौकोनी, आणि चुकून ताटल्या बदलल्या तर यादवी. दोघांच्या मोजे-बुटांना मला एक हात कमी पडतो. तो हात तुमचा होता. मामांनी फोन करून सांगितलं, तेरा दिवस घरात गोड करू नका. तिसऱ्याच दिवशी तारा म्हणाली, आजीचा शिरा. मी परातभर शिरा केला, वीस माणसांना पुरला असता. (नाही, चार वाट्या. बसलाही कढईला.) करपलेला भाग खरवडून आम्ही तिघांनी उभ्याने खाल्ला, एकाच कढईतून, एकाच चमच्याने. मामांना राग आला तर येऊ दे. या घरात तुमचं सुतक असंच पाळलं जाईल, भरल्या तोंडाने.

आणि परवा शाळेची मुलाखत होती. सायली अजून संगमनेरलाच, ती म्हणाली, तुला हवं ते ठरव, मला आता भांडायची ताकद नाही. प्रवेशाचं सगळं तिनेच घरबसल्या केलं होतं, मी शाळा फक्त कुंपणाबाहेरून बघितलेली. गावाबाहेर, मक्याच्या शेतांच्या कडेला, पत्र्याच्या छपराची. सध्या मॅगपायांची अंडी घालायची वेळ, माणूस दिसला की ते पक्षी डोक्यावर सूर मारतात, म्हणून दोन्ही मुलांना सायकलची हेल्मेटं घातली होती. मीही घातलं. तिघं हेल्मेटवाले ऑफिसात शिरलो.

वाटेत गाडीत मी पूर्ण भाषण तयार केलं होतं. दोघं एकत्रच. मामा नाही, काका नाही, सगळं. तुमच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर होतं. काउंटरमागे एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, गळ्यात चष्मा, हातात चहाचा मग. तारा कोपऱ्यातल्या माशांच्या टाकीकडे धावली आणि हेल्मेटसकट काचेला चिकटली. नील माझ्या पँटचा खिसा धरून उभा राहिला. बाई म्हणाल्या, सो, व्हॉट कॅन आय डू फॉर यू?

मी तोंड उघडलं. आणि आई, तुम्हाला एवढंच सांगतो की ते भाषण माझ्या हेल्मेटात कुठेतरी अडकलं. मी म्हणालो, माझ्या सासूबाईंचं म्हणणं आहे की दोघांना वेगवेगळ्या वर्गांत घालावं. 'होतं' असं नाही म्हणालो, 'आहे' म्हणालो. म्हटलं, मला स्वतःला हे अजिबात पटलेलं नाही. पण त्यांचं मत आहे, आणि ते तुम्ही धरा. शाळेत घालायच्या आधी मला त्यांना फोन करायचा होता, तो राहिला. मग मी आणखीही बरंच बोललो. जोडी बैलांची असते, याचं इंग्रजी करून सांगितलं. कोंबड्यांचं सांगितलं. बाई चहाचा मग खाली ठेवून ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "वी'व्ह ओन्ली गॉट द वन प्रेप क्लास, डार्ल."

प्रेपचा, म्हणजे पहिल्या वर्षाचा, एकच वर्ग. अख्ख्या शाळेत. मेपासूनचे ते सगळे रविवार. अ तुकडी आणि ब तुकडी. आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की शाळेला एकच तुकडी असू शकते. तुम्ही हे ऐकायला हवं होतंत. तुम्ही कशा हसला असता, पदर तोंडात धरून, आवाज न करता, खांदे हलवत.

माझे डोळे भरून आले. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मी तो मागे सरकवला. मी परक्या बाईसमोर रडत नसतो. अशा वेळी मी काय करतो, ते तुम्हाला माहीत आहे. मी गोष्ट सांगायला लागलो. म्हटलं, माझी सासू म्हणजे काय चीज, ऐका. हीच दोन मुलं, आठ महिन्यांची, कड्यावरच्या बागेत, आणि ब्रेक सुटला. कॉकाटू उठवले, सॉसेज पाडलं, सायकलवाला शरण आणला. या वेळी मी गाडी पूर्ण एक किलोमीटर नेली, आई, शेवटी एक कांगारूही आडवा घातला. मुद्दाम. मी क्षणभर थांबलो, सवयीने. कुणी काही बोललं नाही.

बाई हसत होत्या. मग त्यांनी काउंटरवरून वाकून खाली बघितलं. तारा अजून माशांपाशीच होती, नाक काचेवर दाबून. बाईंनी नीलला विचारलं, इज दॅट राइट, मेट? गाडी खरंच इतकी लांब गेली?

मी उत्तर द्यायला श्वास घेतला, आणि तो तसाच धरून ठेवला.

नीलने माझा खिसा सोडला. डावा हात पुढे केला, उजव्या हाताने कोपरापासून बोटापर्यंत मापला, आणि म्हणाला, "नो. दोन हात."